साळवेकाकांचं तेरावं

आमच्या आणि साळवेकाकांच्या खोलीच्या मध्ये एकच भिंत होती, आणि तीही विटांची नव्हती, फळ्यांची होती. वरून चुना मारलेला, एवढंच. त्यामुळे लग्न होऊन मी मुलुंडच्या त्या चाळीत आले, तेव्हा नवऱ्याच्या आवाजाची सवय व्हायच्या आधी मला काकांच्या आवाजाची सवय झाली. पहाटे साडेपाचला नळाला पाणी यायचं. मी झोपेतच हंडे भरायची, आणि पलीकडून एक माणूस कुणाला तरी जाब विचारत असायचा. शब्द नीट कळायचे नाहीत, पण सूर कळायचा. सरकारी कचेरीत चौथ्यांदा हेलपाटा घातलेला माणूस खिडकीपाशी बोलतो ना, तसा.

चार दिवस ऐकलं आणि सासूबाईंना विचारलं, "हे एकटेच राहतात ना? मग रोज सकाळी भांडतात कुणाशी?"

सासूबाई हंडा घासत होत्या. मालवणकडच्या त्या, चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी बोली सोडली नव्हती. म्हणाल्या, "देवाबरोबर. तेंचा रोजचाच आसा ता."

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. साळवेकाका तेव्हा पंचावन्नच्या पुढचे. उंच, खांद्यात वाकलेले, चष्म्याच्या काड्यांना मागून दोरा बांधलेला. जवळच्याच एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, बेअरिंगं, पट्टे, असलं सगळं त्यांच्या ताब्यात. मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. आता माझं अज्ञान सांगते. ख्रिश्चन म्हटल्यावर मला फ्रॉक, पियानो आणि इंग्रजी एवढंच सुचायचं. काका बाजरीची भाकरी आणि ठेचा खायचे, चर्चला 'देऊळ' म्हणायचे, आणि मराठी असं बोलायचे की आमच्या चाळीतल्या सगळ्यांनी मिळून लाजावं. नाताळात त्यांच्याकडून करंज्या आल्या तेव्हा सासूबाईंनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि निकाल दिला, "ह्ये आमचेच."

काकांचं पुस्तक, म्हणजे बायबल, मी पहिल्यांदा पाहिलं ते गॅलरीत. जाडजूड, कारखान्यातल्या निळ्या पॅकिंगच्या कागदाचं कव्हर घातलेलं, आणि खूण म्हणून आत जुना गेटपास. एवढ्या मोठ्या पुस्तकातला मधला एकच भाग मळलेला होता. कडेने बघितलं तर तेवढ्या पानांचा काळा पट्टा दिसायचा. मी विचारलं, "काका, बाकीचं वाचत नाही वाटतं?"

"वाचतो की. पण राहतो इथं." त्यांनी त्या मळक्या पानांवर बोट ठेवलं. "स्तोत्रसंहिता. दीडशे स्तोत्रं आहेत. माझ्या स्टोअरमध्येही दीडशे कप्पे आहेत, बघ. कुठल्या कप्प्यात काय आहे ते स्टोअरकीपरला अंधारातसुद्धा माहीत पाहिजे. माणूस घाईत येतो, मशीन बंद पडलेलं असतं, त्याला भाषण नको असतं. त्याच्या हातात नेमका तोच नट ठेवायचा."

तसेच ते वागायचे. स्तोत्रं ते क्रमाने वाचायचे नाहीत. एकेका स्तोत्रावर मुक्काम करायचे, कधी दोन दिवस, कधी महिना. नाव कधीच घ्यायचे नाहीत, नुसता आकडा. "आज सेहेचाळिसावं." "सध्या एकशे दोनवर आहे." एकशे दोनमध्ये काय आहे विचारलं तर म्हणाले, "छपरावर एक पाखरू एकटं बसलंय आणि त्याला झोप येत नाही." आणि बादली उचलून आत गेले. मला वाटलं होतं, देवाधर्माचं पुस्तक म्हणजे काहीतरी उपदेश असेल. हे पाखरू माझ्या डोक्यात दिवसभर राहिलं, भाजी करपली माझी.

चाळीत कुणाचं काही बिनसलं की काका त्याला आकडा द्यायचे, डॉक्टर गोळी देतो तसा. घेणाऱ्याला पुस्तक कुठलं, कसलं, काही माहीत नसायचं. समोरच्या पाटलीणबाईंचे मिस्टर इस्पितळात होते तेव्हा काकांनी त्यांना एकशे एकविसावं दिलं, म्हणजे गॅलरीत उभं राहून म्हणून दाखवलं. समोर येऊरचे डोंगर दिसतात, त्यांच्याकडे हात करून. डोंगरांकडे बघणारा माणूस विचारतो की मला मदत येणार कुठून, अशी त्याची सुरुवात. पाटलीणबाई नंतर कित्येक दिवस भांडी घासताना त्या डोंगरांकडे बघायच्या.

आणि मग व्हायचं तेच झालं, कारण ही शेवटी मुंबई. तळमजल्यावर गावडे म्हणून एक गृहस्थ राहायचे. मटक्याचा नाद. स्वप्नात साप दिसला तर कुठला आकडा, मांजर आडवं गेलं तर कुठला, सगळा हिशेब त्यांच्याकडे तयार. एक दिवस जिन्यात काका भेटले. गावड्यांनी सहज विचारलं, "काय काका, आज कितवं?" काका म्हणाले, "सदतीस." गावड्यांनी सदतीसची जोडी लावली आणि ती लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गॅलरीत सात-आठ पुरुष दात घासायला जमले. ज्यांचा नळ खाली आहे तेसुद्धा. सगळ्यांचा एकच प्रश्न, अगदी आदराने, "काका, आज कितवं?" काका भोळे. त्यांना वाटलं, एवढ्या लोकांना आता गोडी लागली. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला सांगवेना. तिसऱ्या दिवशी माझ्या मिस्टरांनीच त्यांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं.

काकांनी पुस्तक काढून सदतिसावं उघडलं. मग म्हणाले, "सदतिसावं कशावर आहे माहीत आहे का? वाकड्या वाटेने पैसा मिळवणाऱ्याचा हेवा करू नका, यावर आहे." आणि स्वतःच हसायला लागले. पण ते मनाला लागलं त्यांच्या. त्यानंतर लोकांना टाळायला त्यांनी शंभराच्या पुढचीच स्तोत्रं सांगायला सुरुवात केली. मटक्यात तीन आकड्यांचा पानाही लागतो, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार? एकशे एकोणीस म्हणाले तर तिघांनी तो पाना लावला. त्या दिवसापासून काकांनी तोंडच मिटलं. आकडा सांगायचे तो फक्त सासूबाईंना. कारण सासूबाई मटका लावत नव्हत्या, आणि रोज विचारल्याशिवाय राहतही नव्हत्या.

त्यांच्या खोलीत एका माणसाचं सामान होतं, आणि ते बघून मला कसंतरी व्हायचं. एक ताट, एक पेला, एक खुर्ची. भिंतीवर बायकोचा फोटो, त्याच्या शेजारी चुन्यावर एक चौकोन पांढरा राहिलेला, जिथे दुसरा फोटो असणार. मुलगी आहे, एवढं सासूबाईंकडून कळलं होतं. करुणा तिचं नाव. मुंबईतच, वाकोल्याला राहते, शिवणकाम करते. सासूबाईंची बहीण, तारामावशी, त्याच गल्लीत राहायची आणि ब्लाउज करुणाकडूनच शिवून घ्यायची, म्हणून हे माहीत. पण आई गेल्यापासून ती कधी आली नव्हती. का नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि काकांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

मला ते कळलं माझ्यावर वेळ आली तेव्हा. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर माझं सातव्या महिन्यातलं मूल गेलं. मुलगी होती. घरी आले आणि माणसांची रीघ लागली. प्रत्येक बाई तेच म्हणायची, अजून वय आहे, दुसरं होईल, देव बघतोय. मी मान हलवायची. मला त्या सगळ्यांचा इतका राग यायचा की नंतर नंतर कुणी आलं की मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. घरात माणसं होती, नवरा जीव टाकत होता, पण मी एकटीच कुठेतरी खाली पडले होते आणि ही सगळी वरून बोलत होती.

काका आठव्या दिवशी आले, संध्याकाळी कारखान्यातून थेट, खाकी शर्टातच. सासूबाईंनी स्टूल दिलं. ते बसले आणि म्हणाले, "मंदा, मी काही सांगायला आलो नाही. एक वाचू का? आवडलं नाही तर हात कर, मी थांबेन."

मी हात केला नाही. त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं काढलं. त्यात एक माणूस खड्ड्यात आहे. त्याची माणसं त्याला सोडून लांब गेली आहेत. तो रोज सकाळी देवाला हाका मारतो आणि विचारतो की तू माझ्यापासून तोंड का लपवतोस. मी वाट बघत होते की आता शेवटी त्याला बरं वाटेल, आता देव येईल. पण तो अंधार अंधार म्हणत राहिला आणि काकांनी पुस्तक मिटलं.

"संपलं?" मी विचारलं. आठ दिवसांत मी आपणहून बोललेला तो पहिला शब्द.

"संपलं."

"असाच शेवट आहे?"

"असाच. इतक्या लोकांनी हे पुस्तक हाताळलं, उतरवून काढलं, पण या शेवटाला दोन चांगल्या ओळी जोडाव्यात असं कुणाला वाटलं नाही. ठेवला तसाच. म्हणून माझा याच्यावर विश्वास आहे."

मग मी रडले. आठ दिवसांत डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते रडणं नव्हतं. हे आतून आलं, आवाज करून. सासूबाई धावत आल्या, "गप, गो बाय, गप," करायला लागल्या, तर काकांनी हात आडवा केला. "नका, बाई. गप करू नका तिला. मी एकदा तो गुन्हा केलाय."

आणि तिथेच, स्टुलावर बसून, भिंतीकडे बघत, त्यांनी ते सांगितलं. त्यांची बायको चार महिने अंथरुणावर होती. आपण वाचत नाही हे तिला कळलं होतं, आणि तिला त्याबद्दल बोलायचं होतं. रडायचं होतं. पण तिने तोंड उघडलं की काका तेविसावं वाचायला घ्यायचे. ते मेंढपाळाचं, हिरव्या कुरणाचं, सगळ्यांना पाठ असतं ते. "मला वाटायचं, धीर दिला पाहिजे. ती म्हणायची, अहो, मला भीती वाटते. की मी लगेच, परमेश्वर मेंढपाळ आहे. ती म्हणायची, करुणाचं कसं होईल. की मी हिरवी कुरणं. शेवटी शेवटी ती बोलायचीच बंद झाली. नुसती माझ्याकडे बघायची. देवळातले पाळकसाहेब म्हणाले, किती शांतपणे गेली. करुणा तिथे उभी होती. ती म्हणाली, शांतपणे नाही गेली, पप्पांनी तिला रडू दिलं नाही. मातीहून परत आल्यावर तिने आपली पेटी भरली. जाताना म्हणाली, तुमचं पुस्तक तुम्हाला लखलाभ. भिंतीवरचा तिचा फोटोही काढून घेऊन गेली."

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग मी पहिल्यांदा बाकीची वाचली," काका म्हणाले. "वर्षानुवर्षं जी घाईने उलटत होतो ती. जवळजवळ निम्मी रडणारी आहेत हो, बाई. हिशोब मागणारी, ओरडणारी. सगळा माल स्टोअरमध्येच होता. मला कप्पा माहीत नव्हता."

त्यानंतर भिंतीपलीकडून येणारा आवाज मला वेगळाच ऐकू यायला लागला. त्यांना वाकोल्याला जायची हिंमत नव्हती. मी दोनदा सुचवलं. म्हणाले, "कुठल्या तोंडानं जाऊ? तिने यायला पाहिजे असंही नाही. पण ती आली तर मी घरी असायला पाहिजे." म्हणून रविवारी देवळातून आले की ते कुठेच जायचे नाहीत. कुणाचं लग्न असो, बारसं असो, रविवारची दुपार ते खोलीत बसून असायचे, दार उघडं टाकून. सगळी चाळ दुपारी दारं लोटून झोपलेली, आणि तेवढं एक दार उघडं.

आता त्या घोटाळ्याकडे येते. शहाऐंशीच्या जानेवारीत काकांचा मुक्काम तेराव्यावर होता. त्या स्तोत्रात माणूस देवाला विचारतो, अजून किती दिवस? एकदा नाही, लागोपाठ चार वेळा. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "साळवेनू, आज कितवा?" आणि काका म्हणायचे, "तेरावंच, बाई. पुढे सरकतच नाही." महिनाभर हेच चाललं होतं. आमच्या घरात 'काकांचं तेरावं' हा शब्द इतका रुळला की त्याचा दुसरा अर्थ आम्ही विसरूनच गेलो. त्यांच्यात मेल्यावर तेरावं घालतच नाहीत, त्यामुळे काकांना त्यात काही खटकायचं कारण नव्हतं. खटकायला हवं होतं आम्हाला.

शनिवारी सासूबाई तारामावशीकडे हळदीकुंकवाला वाकोल्याला गेल्या. पंचवीस बायका, वाणं, तिळगूळ, सगळा कालवा. त्यात तारामावशीने विचारलं, "तुमचे शेजारी साळवे कसे आसत?" आणि आमच्या सासूबाई, हातात हळदीची वाटी, म्हणाल्या, "काय सांगू तुका. तेंचा तेरावा चालू आसा. बापडो."

एवढं म्हणून त्या पुढच्या बाईला अत्तर लावायला गेल्या. तारामावशी गेली नाही. ती तडक चार घरं सोडून करुणाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी गॅलरीत तांदूळ निवडत बसले होते. जिन्यातून एक बाई वर आली. तिशीची असेल, पांढरी साडी, हातात कागदात गुंडाळलेली निशिगंधाची फुलं. डोळे सुजलेले. मला म्हणाली, "साळव्यांच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते? मी त्यांची मुलगी."

मला काय कल्पना? मी म्हटलं, "किल्ली कशाला? उघडीच आहे. काका आत भेंडी चिरतायत."

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आनंद म्हणावा तर नाही, राग म्हणावा तर नाही. तिने फुलं माझ्या सुपात ठेवली, तांदळांवर, आणि भिंतीला धरून उभी राहिली. आतून काकांनी विचारलं, "कोण आहे गं, मंदा?" आणि ते सुरी हातात घेऊनच दारात आले.

काकांनी सुरी उंबऱ्यावर ठेवली. मग काका म्हणाले, "करुणा, ये."

मी सूप उचलून आमच्या खोलीत गेले. पण फळ्यांची भिंत. ऐकू न येण्याचं सोंग तरी किती करणार? आणि खरं सांगायचं तर मी केलंही नाही.

"मला सांगितलं तुमचं तेरावं झालं," करुणा म्हणत होती. "तेरा दिवस. मला वाटलं, पुरलंसुद्धा तुम्हाला, आणि मला कुणी बोलावलं नाही. रात्रभर मी... आणि तुम्ही भेंडी चिरताय."

काकांना काहीच उमगेना. इकडे सासूबाईंच्या मात्र डोक्यात उजेड पडला. कपाळावर हात मारून त्या तशाच उठल्या आणि शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "माजी चूक, गो बाय. मी सांगलंय ता त्या पुस्तकातला. तेरावा. ताराने भलताच घेतला." आणि मग त्यांनाच रडू कोसळलं.

पुस्तक उघडल्याचा आवाज आला. काकांनी तिला ते दाखवलं असणार, कारण बराच वेळ शांतता होती. ती वाचत होती, मनातल्या मनात. मला वाटलं, झालं, आता सगळं नीट होणार. मी चहाचं आधण ठेवलं, चार कप काढले.

मग करुणाचा आवाज आला, अगदी हळू. "हे होतं यात?"

"होतं."

"तेव्हाही होतं?"

"होतं. मी वाचलं नव्हतं. म्हणजे वाचलं होतं, पण..."

"आई हेच विचारत होती, पप्पा. अजून किती दिवस. ती हेच विचारत होती, आणि तुम्ही तिला कुरणं दाखवत होतात."

काका म्हणाले, "हो."

एवढंच म्हणाले. काही कारण सांगितलं नाही, माफी मागतो म्हणाले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. ती अजून थोडा वेळ थांबली असेल. मी चहा गाळत होते तेवढ्यात तिची पावलं जिन्यावर वाजली. धावत बाहेर गेले तर ती खालच्या वळणावर होती. मी म्हटलं, "ताई, चहा तरी." तिने वर बघितलं, मान हलवली, आणि गेली. फुलं माझ्याच सुपात राहिली होती. काकांना नेऊन दिली तर त्यांनी ती पेल्यात पाणी घालून ठेवली. पेला एकच असल्याने चार दिवस ते तांब्याने पाणी प्यायले.

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? दोन शब्द जास्त बोलले असते तर ती थांबली असती. मी तसं तोंडावर म्हटलं. काका म्हणाले, "मंदा, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी पूर्ण ऐकून घेतलं. ते बिघडवू नकोस."

त्यानंतर ती आली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. काका निवृत्त झाले. कारखान्याने शाल दिली, ती त्यांनी सासूबाईंना दिली. रविवारची दुपार मात्र सोडली नाही. पुढे मला मुलगा झाला, त्याला घेऊन मी गॅलरीत फिरायची, तेव्हा मला ते दिसायचे, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले, पुस्तक मांडीवर, बहुतेक वेळा मिटलेलं. पहाटेचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. आधी मला वाटलं, भांडण मिटलं. मग खोकला ऐकू यायला लागला.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात त्यांना आम्हीच सरकारी इस्पितळात नेलं. छातीचं दुखणं होतं, आणि ते खूप पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांनी माझ्या मिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं, जवळचं कुणी आहे का. सासूबाई म्हणाल्या, "मी वाकोल्याक जावचंय नाय. माज्यार ता पोर आता विश्वास ठेवूचा नाय." खरंच होतं ते. मग मी गेले.

करुणा मशीनवर होती. मला तिने लगेच ओळखलं. मी म्हटलं, "काका इस्पितळात आहेत." ती म्हणाली, "या वेळी खरंच?" मी म्हटलं, "या वेळी खरंच." तिने हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा दाताने तोडला, कापडाची घडी घातली. मला वाटलं, आता नाही म्हणणार. ती म्हणाली, "कितवा वॉर्ड?"

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी पेजेचा डबा घेऊन गेले. भेटायची वेळ होती, वॉर्डात गर्दी होती. दारातूनच मला शेवटची खाट दिसली. करुणा काठावर बसली होती. काका तिच्या मनगटाला धरून रडत होते. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. लहान मूल रडतं तसं, तोंड उघडं टाकून, आवाज करून. आजूबाजूची माणसं बघत होती. निळं कव्हर घातलेलं पुस्तक उशाशी होतं.

"मला भीती वाटते, करुणा," ते म्हणत होते. "फार भीती वाटते गं."

"हो, पप्पा."

साफसफाई करणारी आयाबाई बादली ठेवून खाटेपाशी आली. चांगली बाई होती, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणाली, "आजोबा, असं रडू नये. देवाचं नाव घ्या. ताई, तुम्ही त्यांना काहीतरी चांगलं वाचून दाखवा ना. पुस्तक आहे ना तिथं?"

करुणाने पुस्तकाला हात लावला नाही. दुसरा हात तिने वडिलांच्या कपाळावर ठेवला.

"वाचीन नंतर," ती म्हणाली. "आधी रडून घ्या, पप्पा."

मी आत गेले नाही. डबा आयाबाईंकडे दिला आणि जिना उतरले.